गुलाबी-निळ्याचा तास

माझा स्वभाव हेवेखोर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला धक्का बसायला नको. लहानपणी शेजारणीच्या परकराची किनार माझ्याहून रुंद निघाली तरी मला जेवण गोड लागायचं नाही. पुढं परकर सुटले, हेवा तेवढा राहिला. माणसं दागिन्यांचा, घराचा, नवऱ्याच्या पगाराचा हेवा करतात. मीही केला, पण तो तात्पुरता. ज्या हेव्यानं मला खरं पोखरलं तो एका तासाचा होता. कॉलेजातल्या, वर्षातून एकदाच येणाऱ्या, रसायनशास्त्राच्या एका तासाचा.

औरंगाबादच्या एका कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे प्रयोगशाळेतली बाई. मुलांचे प्रयोग लावून द्यायचे, अ‍ॅसिडं पातळ करून बाटल्यांत भरायची, जर्नलवर सह्या करायच्या, आणि पिपेट ओढताना कुणी भलतंच गिळलं की त्याला मोरीकडं पळवायचं. वर्गात फळ्यापुढं उभं राहून शिकवायचा मान लेक्चररचा. मी बी.एस्सी. होते, तीही पहिल्या वर्गात पास झालेली, पण एम.एस्सी.च्या आधीच लग्न झालं. सासर पाचोडचं, शेतीवाडीचं. तिथं सुनेनं बी.एस्सी. असणं हेच डोक्यावरून पाणी होतं. तेव्हा कॉलेजच्या उतरंडीत मी जिथं होते तिथंच राहणार, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असलं म्हणून ते रुचायचं असं नाही.

पण बारावीचा एक तास माझा होता. समतोलाचा.

तो मला कसा मिळाला ते सांगते. आमचे विभागप्रमुख हैदराबादेत उर्दूतून रसायनशास्त्र शिकलेले. पोलीस अ‍ॅक्शननंतर दिवस पालटले, भाषा पालटली, आणि सरांनी तेच शास्त्र इंग्रजी पुस्तकांवरून पुन्हा घोटून घेतलं. तरी घाईत असले की त्यांच्या तोंडून अ‍ॅसिडला 'तेजाब' आणि समतोलाला 'तवाजुन' बाहेर पडायचं. फळ्यावर त्यांची समीकरणं बघत राहावीत अशी, पण रंगांचा प्रयोग त्यांच्या हातून हमखास फसायचा. एका वर्षी वैतागून मला म्हणाले, "बाई, ये रंगाचं काम आपल्याच्यानं होत नाय. तवाजुनचा तास तुम्हीच घेऊन टाका." ते तोंडी बोलले होते, पण मी त्या तासावर सातबाऱ्यावर नाव चढल्यासारखा हक्क सांगायला लागले.

प्रयोग तसा साधा. कोबाल्ट क्लोराइड पाण्यात विरघळवलं की गुलाबी होतं. त्यात जहाल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड थेंबाथेंबानं सोडत गेलं की निळेपणा चढायला लागतो, आणि मध्ये एक जागा अशी येते की द्रावण धड गुलाबी नाही, धड निळं नाही. जांभळं खाल्लेल्या जिभेसारखं दिसतं. तिथं हात थांबवायचा. बघणाऱ्याला वाटतं, आत सगळं निवांत झालं. तसं नसतं. गुलाबीचं निळं होणं चालूच असतं आणि निळ्याचं गुलाबी होणंही चालू असतं. दोन्हींचा वेग सारखा झाला म्हणून बाहेरून काही हललेलं दिसत नाही, एवढंच. याला समतोल म्हणायचं. आता ही नळी गरम पाण्यात धरली की ती निळी होते, कारण निळं होताना उष्णता खपते. बर्फात धरली की गुलाबी होते, कारण गुलाबी होताना उष्णता सुटते. वरून पाणी घातलं की ते खपवायला गुलाबीकडं सरकते, अ‍ॅसिड घातलं की ते खपवायला निळ्याकडं. तुम्ही जे लादाल त्याची धार थोडी बोथट करायची, हा त्या मिश्रणाचा स्वभाव. हा नियम एका फ्रेंच माणसानं सांगितला. आमची मुलं तो मार्कांसाठी एका वाक्यात पाठ करायची.

माझ्या तासाला मात्र ती पाठांतर विसरायची. सकाळचा पहिला तास असायचा. समोरच्या सरबतवाल्याकडून मी बर्फ फडक्यात बांधून आणायचे, एका बाजूला वाफाळतं पाणी, एका बाजूला बर्फ, मध्ये नळ्यांची रांग. वर्षभर "मॅडम, माझा बर्नर पेटत नाही" एवढंच ऐकणारी मी त्या दिवशी बोलायचे आणि बाकं ऐकायची. दुसऱ्या तुकडीची मुलं खिडकीत येऊन उभी राहायची. नळी गुलाबीची निळी आणि निळीची गुलाबी झाली की वर्गात जो हुंकार उठायचा तो मी पुढचं वर्षभर पुरवून पुरवून वापरायचे. त्या दिवशी मी चांगलं पातळ नेसायचे, हेही खरं.

मग धाकट्या दिरांचं लग्न ठरलं. मुलगी नाशिकची. एम.एस्सी., विषय केमिस्ट्री.

सासूबाईंनी पाचोडच्या बाजारात भेटेल त्याला ही बातमी सांगितली. घरी मला म्हणाल्या, "तुझ्यापरीस लई शिकलीय बरं का धाकटी." मी भाकरी थापत होते. ती तव्यावर टाकताना फाटली. "शिकू द्या की," मी म्हणाले. "भाकरी येती का तिला?" भाकरी तिला येत नव्हती. महिनाभरात ती माझ्याहून पातळ भाकरी थापायला लागली.

आमच्याच विभागात एक जागा रिकामी होती. माझ्याच नवऱ्यानं लग्नाच्या मांडवात सरांपाशी शब्द टाकला, आणि नव्या वर्षी माझी धाकटी जाऊ माझ्याच कॉलेजात लेक्चरर म्हणून रुजू झाली. मी नवऱ्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलले. त्यांना कारण कळलं नाही. पुरुषांना अशी कारणं कळत नसतात.

आता आमची गंमत बघा. घरात मी थोरली. सणाला ती वाकून मला नमस्कार करायची. हळदीकुंकू आधी मला. ताटावर आधी मी बसायचे. आमटीत मीठ घालायच्या आधीसुद्धा ती विचारायची, "ताई, एवढं बास का?" आणि कॉलेजात ती लेक्चरर, मी डेमॉन्स्ट्रेटर. तिच्या तासाला लागणाऱ्या बाटल्या मी मांडायच्या, तिच्या टेबलावर खडू आहेत का ते मी बघायचं. हर्सूलच्या बाजूला आमचं घर; धाकट्याच्या लग्नानंतर सासूबाईही पाचोडहून तिथंच राहायला आलेल्या. तिथून सिटी बसमध्ये चढताना ती अदबीनं माझ्या मागं राहायची. क्रांती चौकात उतरून कॉलेजकडं चालायला लागलो की मी तिच्या मागं पडायचे. ती थांबून बघायची, मी पदर नीट करत असल्यासारखं करायचे.

तिच्यात खोट काढायला मी जंग जंग पछाडलं. तिचा खडू करकरत नसे. तिचा आवाज वरच्या पट्टीत जात नसे. मुलं तिला वर्गाबाहेर गाठून शंका विचारायची आणि ती उन्हात उभी राहून उत्तरं द्यायची. एखादी बाई मनानं वाईट असली की तिचा हेवा करायला काही आडकाठी नसते. ही वाईटही नव्हती. हा मला तिचा सगळ्यात मोठा गुन्हा वाटायचा.

दिवाळीनंतरचं वेळापत्रक लागलं आणि त्यात समतोलाचा धडा तिच्या नावावर होता. सगळा धडा, माझ्या तासासकट. तिला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. सर विसरले होते. मी त्यांच्या खोलीपाशी दोनदा जाऊन परत आले. काय सांगणार? माझा हक्काचा तास होता म्हणून? असा तास डेमॉन्स्ट्रेटरला नसतोच. शिवाय जावेची तक्रार करायला आली असं त्यांना वाटलं असतं, आणि ते फारसं चुकीचं नव्हतं.

तिला दोन्ही तुकड्या एकत्र हव्या होत्या म्हणून तिनं तो तास दुपारी ठेवला होता. मला म्हणाली, "ताई, द्रावण तुम्हीच करून द्याल ना? माझ्या हाताला एवढा अंदाज नाही." ती हे खरंच म्हणत होती. मला मात्र वाटलं, माझी मेहनत आणि हिचा हुंकार.

फेब्रुवारीचे दिवस होते. सकाळी स्वेटर लागायचा आणि दुपारी पंखा. त्या दिवशी मी तिची वाट न बघता आधीच्या बसनं निघाले. प्रयोगशाळा उघडली, खिडकीपाशी उजेडात उभी राहिले आणि एकेक थेंब सोडत असा रंग आणला की इतक्या वर्षांत आणला नव्हता. हा तास हिचा असेल, पण रंग माझा आहे, हे कुणालाही बघताक्षणी कळावं असं मला वाटत होतं. तेवढ्यात ती आली. दारातूनच म्हणाली, "किती सुंदर जांभळा आलाय हो ताई." मी बूच घट्ट बसवलं, बाटली लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. तिनं त्यात एक थेंब कमीजास्त करून रंग आपला करू नये म्हणून. ती वर्गावर गेली.

आमच्या प्रयोगशाळेवर पत्रे होते. कपाट दक्षिणेच्या खिडकीजवळ. माझा तास नेहमी सकाळचा, द्रावण करायचं आणि लगेच वर्गात न्यायचं. त्यामुळं त्या कपाटात दुपारी काय होतं याचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

दुपारी दोन्ही तुकड्या प्रयोगशाळेतच कोंबून बसल्या. काही मुलं ओट्यांवर चढली. सर दाराशी खुर्ची टाकून बसले. मी सगळ्यांसमोर कुलूप उघडलं आणि बाटली बाहेर काढली. ती निळी होती. बाटलीची काच हाताला ऊन लागत होती.

खरं सांगते, पहिल्यांदा मला बरं वाटलं. आता हिची फजिती होणार. मग लगेच लक्षात आलं की फजिती माझी आहे, पण वर्गाला ती तिच्या अंगावर दिसणार. दोन्ही मला एकदमच वाटत होतं, त्यामुळं मी हलले नाही. बाटली हातात घेऊन तशीच उभी राहिले.

तिनं ती माझ्या हातातून घेतली. नळ्यांत ओतली. एक नळी गरम पाण्यात धरली. निळ्याची निळीच. मागून कुणीतरी हसलं, मग बरीच जणं हसली. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. पाहुण्यांसमोर भात लागला की घरातल्या दोन बायका एकमेकींकडं बघतात तेवढंच. मग वर्गाकडं वळली.

"आज सकाळी ही बाटली जांभळी होती," ती म्हणाली. "मी माझ्या डोळ्यांनी बघितली. नंतर ती कुलपात होती. किल्ली मॅडमकडं. हिला कुणीही हात लावला नाही, हिच्यात काही घातलं नाही, काही काढलं नाही. मग ही निळी कुणी केली?"

हसणं थांबलं. मुलं बाटलीकडं बघायला लागली. मग कपाटाकडं. मग एकेक मान वर पत्र्याकडं गेली.

"उनानं, मॅडम," मागच्या ओट्यावरून कुणीतरी म्हणालं. "पत्रा तापलाय वर."

"मग सकाळच्या जागी परत नेता येईल?"

"बर्फ लावा," दोन-तीन जणं एकदम म्हणाली. तिनं नळी बर्फात धरली. निळ्यातून जांभळा, जांभळ्यातून गुलाबी. जो हुंकार उठला तो माझ्या कुठल्याही वर्षीच्या हुंकारापेक्षा मोठा होता. मला मोजता आला नाही तरी कळला.

पुढं ती जे बोलली ते मी कधीच असं बोलले नव्हते. मी मुलांना सांगायचे की मिश्रणावर काही लादलं की ते पूर्वीसारखं व्हायला बघतं. ऐकायला ते छान वाटतं. ती म्हणाली, "पूर्वीसारखं होत नाही. हे नीट लक्षात ठेवा. उष्णता आली, त्यातली थोडी या बाटलीनं निळं होण्यात खपवली, आणि ती नव्या जागी जाऊन थांबली. जुन्या जागी नाही. ऊन आहे तोवर ती तिथंच राहणार." मग गोळी सोड्याची बाटली उघडून तिनं दाबाचं सांगितलं. गोळी आत दाबली, वायूला जागा झाली, दाब उतरला, पाण्यात विरघळलेला वायू फसफसून बाहेर आला. तोही वरचा दाब भरून काढायला बघतो, पण बाटली उघडी असेल तर भरून काढणार किती? समतोल राखायचा तर भांडं बंद हवं. मुलांनी तो सोडा नंतर पिऊन टाकला.

आणि शेवटी ती म्हणाली, "हा प्रयोग आपल्या मॅडमचा. त्यांनीच सकाळी मुद्दाम बाटली कपाटात ठेवली होती."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. सर दारातून उठून आले. "क्या बात है बाई," ते म्हणाले. "इतकी वर्षं आपण बर्फ न् गरम पाणी घेऊन बसलो. तुम्ही सूरजलाच कामाला लावलं. कमाल डोकं हाय तुमचं." मी मान हलवली.  माझ्या चुकीवर तिनं माझंच नाव घालून मला तिची भेट दिली होती. आता तिचा राग करायचीसुद्धा सोय उरली नव्हती, आणि राग तर मावत नव्हता.

परतीच्या बसला उशीर होता. क्रांती चौकात आम्ही दोघी थांब्यावर उभ्या होतो. मी म्हणाले, "खोटं कशाला सांगितलंस?"

"मग काय सांगायचं होतं?"

"चूक झाली म्हणायचं. बाटली बिघडली म्हणायचं."

"ताई, तुमची चूक मी कशी काढणार? तुम्ही थोरल्या."

"मी घरात थोरली. कॉलेजात तू लेक्चरर आहेस."

 "मला ते जमत नाही," ती म्हणाली. "या चौकात उतरलं की तुम्ही निराळ्याच होता. मागं मागं चालता. मॅडम म्हणता. मी तीच असते हो."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. पुढं म्हणाली, "तो तास तुम्ही घ्यायचात हे मला आज सरांनी सांगितलं. आधी माहीत असतं तर मी घेतलाच नसता. पुढच्या वर्षी तुम्हीच घ्या. मी सांगते सरांना."

"तू देणार, म्हणून मी घेणार?" मी म्हणाले. "लग्नात मानाची साडी देतात तसा तास देतेस का मला? मला मान नको. घरात भरपूर आहे."

बस आली. ती माझ्या मागून चढली.

घरी तिनं यातलं अक्षर काढलं नाही. सासूबाईंनी "कसं काय झालं आज?" विचारलं तर "चांगलं झालं" म्हणून कणीक मळायला बसली. मी वाट बघत होते की ती आता सांगेल, मग सांगेल. माझी चूक सांगितली असती तर भांडता आलं असतं. माझी हुशारी सांगितली असती तर टोमणा मारता आला असता. ती काहीच न सांगून मोकळी झाली. त्या रात्रीच्या भाकऱ्या मी केल्या आणि कुणालाही त्या गोड लागू नयेत असं मनातून वाटत होतं.

पुढचा फेब्रुवारी आला तेव्हा ती कॉलेजात नव्हती. पहिलं बाळंतपण नाशिकला, माहेरी झालं. मुलगी घेऊन ती परत आली, पण बाळ अशक्त म्हणून रजा वाढत गेली. समतोलाचा धडा सरांनी स्वतः घेतला आणि रंगांचा तास न विचारता माझ्याकडं आला. कुणी दिला नव्हता. माझा मला मिळाला होता. सकाळचा पहिला तास, थंडी, जांभळा रंग, बर्फ, गरम पाणी. सगळं बिनचूक झालं. मुलांनी बघितलं. वहीत लिहून घेतलं. मी फडकं आवरायला लागले तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तो कपाटातला नाय दाखवणार? माझ्या भावानं मागल्या साली बघितला. लई भारी होता म्हणं."

"त्याला दुपार लागते," मी म्हणाले.

"मग आम्ही येतो की दुपारी."

आणि मुलं आली. तास नसताना, सगळा वर्ग. मी सकाळीच बाटली कपाटात ठेवून दिली होती, या वेळी समजून उमजून. कुलूप उघडलं, निळी बाटली उंच धरली आणि माझ्या तोंडून आलं, "हिला कुणीही हात लावलेला नाही. मग ही निळी कुणी केली?" माना पत्र्याकडं गेल्या. तो हुंकार आला. मी म्हणाले, "पूर्वीसारखं होत नाही. नव्या जागी जाऊन थांबतं." धाकटीची वाक्यं, तिच्याच क्रमानं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात रंगलेला तास तो होता, आणि बोलत होती ती. मी टाळ्या घेतल्या आणि बाटल्या धुवायला गेले.

घरी पोचले तर ती बाळाला मांडीवर घेऊन ओसरीत बसलेली. मी चप्पल काढायच्या आत तिनं विचारलं, "झाला तास? किती जणं होती? खिडकीतसुद्धा होती का? पाणी घालून दाखवलंत? कुणी काय विचारलं?" मी बोलत होते आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती. अशी बघणारी बाई मला चांगली ओळखीची होती. इतकी वर्षं आरशात बघितलेली. हिला माझा हेवा वाटतोय. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, पायातला दिवसभराचा ठणका गेला.

तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. जमिनीवर बसल्या, पाय पसरले आणि तिच्यासमोरच मला म्हणाल्या, "थोरले, तूच सांग आता. लेकरू हे असं तोळामासा. हिनं नोकरी कशापायी करावी? तू हायस की कॉलेजात. घरात एक तरी बाई नगं का? दोघं भाऊ म्हणत्यात, आई म्हणल तसं. मी म्हणते, थोरली म्हणल तसं."

सासूबाईंनी माझ्यावर टाकलं म्हणजे ते झालंच. आमच्या घरात थोरल्या सुनेनं एकदा शब्द दिला की त्यावर कुणी बोलायचं नाही, ही त्यांचीच शिस्त. दोन शब्दांत काम होतं. "घरीच बरी." मग तास माझा. दरवर्षी माझा. सकाळचाही आणि दुपारचाही.

धाकटीनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं, ते सारखंच होतं तरी परत केलं. तिनं मला काही विचारलं असतं, एकदा "ताई" म्हटलं असतं, तर मी काय बोलले असते कुणास ठाऊक.

"जाऊ द्या तिला," मी म्हणाले. "बाळाला सकाळी तुम्ही बघा, दुपारी मी लवकर येईन. तिला जाऊ द्या."

सासूबाईंनी माझं मोठं मन म्हणून गल्लीभर सांगितलं. धाकटी आत जाऊन रडली. नवरा मला म्हणाला की तुझ्यासारखी जाऊ मिळायला नशीब लागतं. मी कुणाचं काही खोडून काढलं नाही. पण माझं मन काही मोठं झालेलं नव्हतं. ती घरी बसली असती तर दर वर्षी, माझ्या रिटायर होण्यापर्यंत, मी त्या पत्र्याखाली उभी राहून तिचीच वाक्यं बोलत राहिले असते, आणि टाळ्या घेत राहिले असते. त्यापेक्षा ती समोर फळ्यापाशी असलेली बरी. मी मागं बाटल्या घेऊन उभी राहीन आणि उघड उघड जळेन. तेवढं तरी माझं स्वतःचं होतं.